खैबरचा सुलतान, मुक्काम डब्लिन, ओहायो

काकांशी डब्लिनमधला एकही शहाणा माणूस दोन वाक्यांच्या वर बोलत नसे, आणि मी तर त्यांच्या तळघरात भाड्यानं राहत होते. माझी गणना कशात करायची ते तुम्हीच ठरवा. डब्लिन म्हणजे आयर्लंडमधलं नव्हे, ओहायोमधलं. नव्वदच्या दशकाची अखेर होती, दोन हजार साल उजाडताच जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी आवई उठली होती, आणि त्या आवईच्या जिवावर माझ्यासारख्या नागपूरच्या पोरी व्हिसा घेऊन एका इन्शुरन्स कंपनीचे जुनाट प्रोग्रॅम दुरुस्त करत बसल्या होत्या. घर खरं तर काकांच्या मुलीचं. पण ती आणि जावई दिवसभर नोकरीवर, त्यामुळे तळघराचे, आणि ओघानं माझेही, मालक काकाच.

खोली बघायला गेले तेव्हा भिंतीवर एक भलंमोठं पोस्टर होतं. लाल-निळी अक्षरं, 'जागतिक कुस्ती अजिंक्यपद', आणि खाली पगडीतला, मिशीवाला, खाऊ की गिळू करणारा एक माणूस. 'खैबरचा सुलतान'.

"हे कोण?" मी विचारलं.

"मी."

"तुम्ही पठाण आहात?"

"मिरजेचा आहे. वडील मास्तर होते."

"मग खैबर?"

"प्रमोटरनं नकाशात बोट ठेवलं, तिथं खैबर निघालं. बोट जरा घसरलं असतं तर मी समुद्राचा सुलतान झालो असतो. भाडं एक तारखेला."

तर असे आमचे मालक. साठच्या दशकात मिरजेच्या तालमीतून उठून इंग्लंडात कापडाच्या गिरणीत लागले, आणि गिरणीतून कुस्तीच्या रिंगणात गेले. तिथल्या त्या कुस्तीचा आपल्या कुस्तीशी संबंध फार तर लंगोटापुरता, आणि तोही चकचकीत. पाठ दुखायला लागल्यावर ते त्याच प्रमोटरकडे पोस्टरं, जाहिराती, हॉलची बुकिंगं बघायला लागले. त्या धंद्याची त्यांना इतकी नशा होती की भाजी आणायला गेले तरी तेच पुराण सुरू. मला तर कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण भाडेकरूला कान असतात, आणि काकांना तेवढंच हवं होतं.

"पोरी, चॅम्पियनशिप जिंकत नसतात. छापतात," हे त्यांचं आवडतं वाक्य. प्रमोटरच्या ऑफिसात म्हणे एक कपाट होतं आणि त्यात विजेत्यांचे कमरपट्टे लटकवलेले असायचे. युरोपचा, साम्राज्याचा, जगाचा. ज्या गावात तिकिटं खपत नसतील त्या गावी एक पट्टा पाठवायचा. एकाच संध्याकाळी तीन गावांत एकाच वजनाचे तीन विश्वविजेते लढत असायचे.

"आणि लोकांना कळायचं नाही?" मी विचारलं.

"लोक एका संध्याकाळी एकाच गावात असतात गं."

गावं प्रमोटरांनी आपापसात वाटून घेतलेली, भावाभावांत शेती वाटतात तशी. ह्याच्या गावात त्यानं खेळ लावायचा नाही. बाहेरचा कुणी आला तर त्याला हॉलच मिळायचा नाही. टाउन हॉल, बाजाराच्या इमारती. हिवाळ्यात पोहण्याच्या तलावावर फळ्या टाकून त्यावरही कुस्त्या. दुकानदारानं काचेत पोस्टर लावलं की त्याला दोन पास फुकट. शनिवारी दुपारी टीव्हीवर कुस्ती दाखवायची, पण निकाल लागू द्यायचा नाही. भांडण पेटवून ठेवायचं आणि त्याचा निकाल बघायला लोकांना आपापल्या गावात तिकीट काढायला लावायचं. "निकाल कधी लावायचा नाही," काका बोट नाचवत सांगत, "पुढच्या महिन्याचा हॉल बुक असतो."

सगळ्यांत पवित्र काम म्हणजे वर्तमानपत्राला पत्रं लिहिणं. 'ह्या रानटी सुलतानाला आमच्या गावात पाय ठेवू देऊ नका. आपली, एक संतापलेली गृहिणी.' लिहिणारी ही गृहिणी म्हणजे स्वतः काका, मिरजेच्या मास्तरांनी घोटून घेतलेल्या अक्षरात. मग हॉल तुडुंब. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या काकांना छत्र्या आणि पर्सा हाणायच्या. एकीनं विणायची सुई टोचली होती, तो डाग दंडावर होता. तो काका आल्यागेल्याला दाखवत, अगदी जावयाच्या बॉसलासुद्धा.

हे सगळं इंग्लंडात सोडून आले असते तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण आमचं मराठी मंडळ त्या वेळी मरायला टेकलं होतं. गणपतीला शाळेचा हॉल घ्यायचा आणि त्यात खुर्च्याच जास्त. पोरं "डू वी हॅव टू गो?" म्हणत कोपऱ्यात गेम खेळायची. कमिटीनं यंदा कार्यक्रम कॅन्सल करायचा विचार केला, आणि काकांनी उभं राहून सांगितलं, "जाहिरातीचं माझ्याकडे द्या."

अरे बाप्पा! पुढच्या आठवड्यात इंडियन ग्रोसरीच्या काचेत पोस्टर. 'अखिल अमेरिका कॅरम अजिंक्यपद! तीन खंडांत अपराजित वीर विरुद्ध रहस्यमय आव्हानवीर!' तीन खंडांत अपराजित म्हणजे आमच्या ऑफिसातला एक बिचारा डेटाबेसवाला, जो आधी ठाण्यात, मग दुबईत आणि आता इथे कॅरम खेळत होता आणि कुणी फारसं भेटलंच नसल्यामुळे हरला नव्हता. रहस्यमय आव्हानवीर त्याचाच रूममेट. पट्टा मी स्वतः कार्डबोर्डला सोनेरी गिफ्टपेपर चिकटवून केला. तळघरात राहायचं म्हणजे असली कामं आलीच. त्याशिवाय पुण्याच्या एका काकू आणि आमच्या नागपूरच्या एका मावशी ह्यांच्यात पुरणपोळीवरून वैर. दोघींची तोवर ओळखसुद्धा नव्हती. मंडळाच्या पत्रिकेत 'एक दुखावलेली सुगरण' ह्या नावानं पत्रं आली, ती कुणाची ते सांगायला नकोच.

हॉल भरला. उभं राहायला जागा नाही. पुरणपोळीवरून मीही चिडले होते, आणि मीही सगळ्यांत पुढे उभी होते. पुढे आमच्या आंबेडकर जयंतीचं कळल्यावर काका म्हणाले, "पाहुण्या वक्त्याला समोर एक विरोधक द्या, मी आणतो." मी म्हटलं, "काका, हात जोडते, तिथे नाक खुपसू नका." त्यांनी नाक खुपसलं नाही, पण कार्यक्रमाला पहिल्या रांगेत येऊन बसले आणि जाताना म्हणाले, "ह्यांना जाहिरातीची गरज नाही." काकांनी दुसऱ्याच्या कार्यक्रमाला दिलेली मी ऐकलेली ही एकमेव शाबासकी.

पण मंडळाचा खरा खेळ होता तो काका विरुद्ध बापू. बापू म्हणजे आमच्या गावातले दुसरे म्हातारे. शांत, गोरे, हसतमुख, पोरांच्या खिशात गुपचूप चॉकलेटं घालणारे. तेही त्याच मिरजेच्या तालमीतले आणि त्याच गिरणीतून त्याच रिंगणात गेलेले. पोस्टरवर ते 'शिवपूरचे राजपुत्र'. सज्जन, नियमानं लढणारे. आणि आमचे सुलतान त्यांचे जन्माचे वैरी. इंग्लंडभर ह्यांनी त्यांचे केस ओढले, डोळ्यांत बोटं घातली, पंचाची पाठ वळली की गळा आवळला. काकांची मुलगी लग्न होऊन ओहायोला आली म्हणून काका आले, आणि दोन वर्षांत बापूंच्या मुलाला, प्रशांतला, इथेच नोकरी लागली. लोक हळहळले. म्हणाले, बघा, वैर माणसाचा पिच्छा सोडत नाही.

दर मीटिंगला ठरलेलं. काका उठायचे आणि बोट रोखून म्हणायचे, "हा माणूस आरती बेसूर म्हणतो! ह्याला पुढे उभा करू नका!" बापू मान खाली घालून गोड हसायचे. मग अख्खं मंडळ काकांवर तुटून पडायचं. जे लोक वर्गणीला सापडत नसत ते मीटिंगला वेळेवर येत.

आता माझ्या शनिवाराबद्दल. काका ड्रायव्हिंगच्या परीक्षेत इतक्यांदा नापास झाले होते की तो परीक्षक त्यांना नावानं ओळखायचा. त्यामुळे दर शनिवारी दुपारी माझ्या जुन्या टोयोटात बसून त्यांना हायवेनं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका लायब्ररीशेजारच्या डोनटच्या दुकानात जायचं असे. जवळ दहा दुकानं असताना! "तिथली कॉफी चांगली आहे," म्हणत. मी पार्किंगमध्ये पुस्तक वाचत बसायची. काचेतून काका दिसायचे, एकटेच, बाकावर, तोंडानं काहीतरी पुटपुटत. मी मनात म्हणायची, गेलं बिचाऱ्यांचं डोकं.

एकदा थंडी फार होती म्हणून मी आत गेले. काका पुटपुटत होते. आणि त्यांच्या पाठीमागच्या, काचेतून न दिसणाऱ्या बाकावर, त्यांच्या पाठीला पाठ लावून, बापू बसले होते.

"लेका, गुडघ्याला ते तेल लाव म्हटलं होतं ना?" काका समोरच्या भिंतीला म्हणाले.

"लावलं. सुनेला वास आवडत नाही," बापू त्यांच्या समोरच्या भिंतीला म्हणाले.

मी तशीच उभी. काकांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा शाळेत पकडलेल्या पोरासारखा झाला. "बस," ते म्हणाले. "आणि ओरडू नकोस."

मग कळलं. वैर नव्हतंच कधी. तालमीत एकाच ताटात जेवलेले दोघे. पण तिथल्या धंद्याचा एक नियम होता. खलनायक आणि नायक कधी एकत्र दिसता कामा नयेत. वेगवेगळ्या गाड्या, वेगवेगळी गावं, वेगवेगळ्या खाणावळी. एकदा समुद्रकाठच्या एका गावात दोघं एका दुकानात बटाट्याचे चिप्स खाताना कुणाला दिसले, आणि त्या गावात पुढे कितीतरी महिने कुत्रं फिरकेना. प्रमोटरनं दोघांनाही घरी बसवलं. तेव्हापासून पाठीला पाठ. घरच्या पोरांनाही सांगायचं नाही, कारण पोरं शाळेत बोलतात. फक्त दोघांच्या बायकांना ठाऊक होतं, आणि त्या दोघी आता नव्हत्या. ओहायोची नोकरीसुद्धा प्रशांतला वाटत होतं त्यानं शोधली. जाहिरात कापून त्याच्या टेबलावर ठेवली होती बापूंनी, आणि पाठवली होती काकांनी.

"अहो, पण आता कशाला? इथे कोण तिकीट काढतंय?" मी म्हटलं.

"मंडळाचा हॉल कशानं भरतो?" काका म्हणाले. बापू नुसते हसले. मग त्यांनी न वळता हात मागे केला आणि काकांनीही न वळता तो धरला. "हे एक बघ," काका म्हणाले. "रिंगणात सगळं खोटं. पण पकड घेतली की पंजा दोनदा दाबायचा. म्हणजे, मी ठीक आहे, चालू ठेव. नाही दाबला तर दुसऱ्यानं तिथेच थांबायचं. तिथे कुणी कधी खोटं बोलत नाही. नाहीतर माणूस मरेल."

मला रडायला आलं, आणि रडायला आलं की मी चिडते. मी म्हटलं, "तुम्ही दोघंही ठार वेडे आहात." ह्यावर दोघं आपापल्या भिंतीकडे बघून खूश झाले.

त्या वसंतात बापूंना अर्धांगवायूचा झटका आला. गावभर फोन गेले, फक्त आमच्या घरी नाही. मंडळाच्या अध्यक्षांनी मला ऑफिसात गाठून प्रेमानं समजावलं, "तुमच्या काकांना सांगू नका हं. उगाच तिथे जाऊन तमाशा करतील. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत." मी घरी येऊन सांगितलं. काका जिन्याच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "गाडी काढ."

हॉस्पिटलात खोलीच्या दाराशी प्रशांत उभा. भला माणूस, पण काकांना बघून त्याचा चेहरा दगड झाला.

"काका, प्लीज. नॉट टुडे. तुम्ही जा."

"अरे, आम्ही मित्र आहोत. तालमीपासूनचे."

"इथेही? इथेही नाटक?" प्रशांतचा आवाज चढला. "मी लहान होतो काका. पहिल्या रांगेत होतो. तुम्ही बाबांच्या छातीवर बसून त्यांची मान पिरगळत होता आणि मी 'स्टॉप इट, स्टॉप इट' ओरडत होतो. मला अजून ते स्वप्नात येतं, यार."

काकांइतकं चोख काम दुसऱ्या कुणाकडून झालं नसेल, आणि त्याची पावती आता समोर उभी होती.

मग माझं तोंड सुटलं. डोनटचं दुकान, पाठीला पाठ, गुडघ्याचं तेल, सगळं भडाभडा सांगितलं. प्रशांत माझ्याकडे कीव करत बघत राहिला. "बाबांना डोनट आवडत नाहीत. सॅटर्डेला ते लायब्ररीत जातात. मीच सोडतो त्यांना." लायब्ररीच्या शेजारी काय आहे हे त्यानं कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "फाइन. बाबांनाच विचारू. ते हो म्हणाले तर बसा."

आत मंडळाची मंडळी होती, अध्यक्ष, पुण्याच्या काकू, नागपूरच्या मावशी, फुलं घेऊन. बापूंचा अर्धा चेहरा उतरलेला. काका पलंगाजवळ गेले. आता म्हणतील, हा माझा मित्र. म्हणा बापू, एकदाच म्हणा.

बापूंनी काकांकडे पाहिलं. मग खोलीतल्या लोकांकडे, एकेकाकडे सावकाश पाहिलं. आणि चांगल्या हातानं काकांचा पंजा गच्च पकडून, त्यांना मागे ढकलत, वाकड्या तोंडानं म्हणाले, "ह्याला... बाहेर काढा."

"सी?" प्रशांत म्हणाला. अध्यक्षांनी काकांच्या दंडाला धरलं आणि बाहेर आणलं. मावशींनी मागून ऐकवलं, "मरताना तरी सोडा हो त्या बिचाऱ्याला." अख्ख्या वाटेवर काका गाडीत नुसता एक पंजा दुसऱ्या हातात धरून बसले होते. मी बापूंवर भयंकर चिडले होते. असला कसला मित्र?

बापू त्याच आठवड्यात गेले. शोकसभा शाळेच्या त्याच हॉलमध्ये ठेवली. माणसं येत होती, खुर्च्यांवर बसत होती, घड्याळं बघत होती. अध्यक्ष कागद बघून बोलले, "अत्यंत मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व." आणखी एकजण उठला, तोही म्हणाला मनमिळाऊ. मागची मंडळी पार्किंगचं बोलायला लागली. प्रशांत पुढे मान खाली घालून बसला होता. मी काही बोलणार नाही, असं त्यानं आधीच सांगितलं होतं.

तेवढ्यात काका उठले आणि सरळ माइककडे गेले. हॉल चिडीचूप. मला वाटलं, आता खरं सांगतील. काकांनी मिशीवरून हात फिरवला, बोट रोखलं आणि म्हणाले, "हा माणूस आरती बेसूर म्हणायचा!"

कुणीतरी "शेम!" म्हणून ओरडलं.

"आणि भित्रा होता! शेवटची कुस्ती माझ्याशी न खेळता पळून गेला. म्हणजे जिंकलो मी. विचारा कुणालाही!"

काय गदारोळ झाला म्हणून सांगू! पुण्याच्या काकू उभ्या राहून ओरडत होत्या, मावशींनी पर्स उगारली. आणि प्रशांत उठला, त्यानं माइक काकांच्या हातातून हिसकावला. "माझे बाबा भित्रे नव्हते," तो म्हणाला, आणि मग तो थांबेचना. गिरणीतल्या रात्रपाळीबद्दल बोलला. मोडलेल्या बरगड्यांनिशी बापूंनी त्याला खांद्यावर घेऊन बर्फातून शाळेत नेलं ते बोलला. चॉकलेटांबद्दल बोलताना रडला. त्याची पोरं, जी मराठी कार्यक्रमात कधी मान वर करायची नाहीत, ती तोंड उघडं टाकून ऐकत होती. मागे लोक उभे राहिले, एकानंही घड्याळ पाहिलं नाही. काका कधीच दारातून बाहेर गेले होते. दंडाला मावशींची पर्स बसली होती, तो दंड चोळत.

गाडीत मी त्यांना फाडून खाल्लं. "खरं सांगायची शेवटची संधी होती! आता जन्मभर सगळे तुमच्या तोंडावर थुंकतील! तो पोरगा तुमचा द्वेष करत मरेल! कशासाठी?"

"हॉस्पिटलात त्यानं पंजा पकडला ना," काका म्हणाले, "तेव्हा दोनदा दाबला."

मी गाडी बाजूला घेतली.

"मी ठीक आहे, चालू ठेव," काका म्हणाले. आणि मग ते रडले, पोस्टरवरच्या त्या मिशीसकट. "लेकाचा तिथे कधी खोटं बोलला नव्हता गं. ठीक कुठला होता? पण चालू ठेव म्हणाला. मग ठेवायला नको?"

पुढच्या शनिवारी दुपारी काका कोट घालून माझ्या दाराशी उभे. मी किल्ली घेतली. डोनटच्या दुकानात ते आपल्या बाकावर जाऊन बसले, समोरच्या भिंतीकडे तोंड करून. मी पार्किंगमधून थोडा वेळ बघितलं. मग आत गेले आणि मागच्या बाकावर त्यांच्या पाठीला पाठ लावून बसले.

"गुडघे कसे आहेत काका?" मी विचारलं आणि मान वळवली.

"वळू नकोस," काका म्हणाले. "लोक बघतायत."

दुकानात आमच्याशिवाय कुणीच नव्हतं.